मोजलेले पुन्हा तपासता यावे म्हणून: ‘फिजी’ या प्रतिमा-विश्लेषण सॉफ्टवेअरचे परीक्षण

ज्वारीच्या पानावरची पर्णरंध्रे मोजण्याची आमच्या विभागात वर्षानुवर्षे एकच रीत होती. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगात, बसवलेल्या मायक्रोमीटरच्या रेघा रंध्रावर आणायच्या, किती रेघा भरल्या ते मनात धरायचे, डोळा काढून जर्नलमध्ये आकडा लिहायचा आणि पुढच्या रंध्राकडे वळायचे. या रीतीने शिकलेल्या पिढ्यांनी उत्तम काम केले आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वहीत फक्त आकडा उरत असे. तो कोणत्या रंध्राचा, कोणत्या कडेपासून कोणत्या कडेपर्यंतचा, हे मोजणाऱ्या विद्यार्थिनीलाही आठवड्याभराने सांगता येत नसे, आणि मार्गदर्शक म्हणून मला तो मान्य करण्यावाचून किंवा सगळे पुन्हा मोजायला लावण्यावाचून दुसरा मार्ग नसे. सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात एम.एस्सी.चे प्रकल्प मार्गदर्शनासाठी माझ्याकडे येतात. त्यांपैकी रब्बीच्या मालदांडी ज्वारीवरील कामासाठी गेली तीन वर्षे आम्ही ‘फिजी’ हे सॉफ्टवेअर सातत्याने वापरत आहोत. त्या वापरातून जे कळले ते येथे लिहीत आहे.

फिजी म्हणजे ‘इमेजजे’ या जुन्या सॉफ्टवेअरचेच वाढलेले ताट आहे. ‘फिजी इज जस्ट इमेजजे’ या वाक्यातील आद्याक्षरांवरून त्याला ते नाव मिळाले. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणारे वेन रॅस्बँड यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ‘एनआयएच इमेज’ लिहायला घेतले आणि १९९७ पासून तेच काम जावा भाषेत, म्हणजे कोणत्याही संगणकावर चालेल अशा रूपात, इमेजजे या नावाने पुढे नेले. इमेजजेवर कुणाचाही स्वामित्वहक्क नाही. फिजीत त्याच गाभ्याभोवती जीवशास्त्राला लागणारी अनेक जोड-साधने आधीच घालून दिलेली असतात, त्यांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या खास फायली उघडणारे ‘बायो-फॉरमॅट्स’ही येते. हे सारे विनामूल्य आहे. आमच्यासारख्या ठिकाणी त्याहूनही उपयोगी पडणारी गोष्ट अशी, की फिजी इन्स्टॉल करावे लागत नाही. झिप फाइल उलगडली, फोल्डर डेस्कटॉपवर ठेवले आणि चालू केले, एवढेच पुरते. प्रयोगशाळेतल्या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड कुणाकडे आहे याचा शोध घ्यावा लागत नाही आणि इंटरनेट नसले तरी काम अडत नाही.

मोजमापाची सुरुवात मापनपट्टी लावण्यापासून होते, आणि फिजीच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा, असे माझे ठाम मत आहे. संगणकाला मायक्रॉन कळत नाही, त्याला पिक्सेल कळतात. म्हणून ज्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे नमुन्याकडच्या भिंगावर, काम करायचे त्यावर स्टेज मायक्रोमीटरचा फोटो घ्यावा लागतो. या काचपट्टीवर एक मिलिमीटरचे १०० समान भाग कोरलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. फिजीत सरळ रेघेचे साधन घेऊन या पट्टीवर रेघ ओढायची आणि ‘सेट स्केल’ या चौकटीत त्या रेघेची खरी लांबी लिहायची. आमच्या ४० पट ऑब्जेक्टिव्हवर आणि कॅमेऱ्याच्या पूर्ण रेझोल्यूशनला १०० मायक्रॉनसाठी ८३३ पिक्सेल येतात, म्हणजे एका मायक्रॉनला ८.३३ पिक्सेल. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे रेघ एकाच भागावर न ओढता शक्य तितक्या लांब अंतरावर ओढावी. हात दोन-तीन पिक्सेल चुकला तर ८३ पिक्सेलांमागे ती चूक तीन टक्क्यांच्या घरात जाते, तर ८३३ पिक्सेलांमागे अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते. दुसरी म्हणजे कोरलेल्या खुणेलाही जाडी असते, त्यामुळे एका खुणेच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या खुणेच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे. विद्यार्थी हमखास एका खुणेच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या बाहेरच्या कडेपर्यंत रेघ ओढतात.

याच चौकटीच्या तळाशी ‘ग्लोबल’ नावाची एक लहानशी खूण करायची जागा आहे. ती केली की लावलेले माप त्यानंतर उघडलेल्या प्रत्येक चित्राला आपोआप लागू होते. सोय म्हणून ती उत्तम आहे आणि धोका म्हणून या संपूर्ण सॉफ्टवेअरमध्ये तिच्याइतकी दुसरी जागा नाही. उघडलेल्या फाइलमध्ये स्वतःचे वेगळे माप नोंदलेले असेल तर फिजी थांबून विचारते, पण साध्या कॅमेऱ्यातून आलेल्या जेपेग फायलींत असे माप नसतेच, आणि मग चित्र कोणत्याही ऑब्जेक्टिव्हवर किंवा कोणत्याही रेझोल्यूशनला काढलेले असले तरी त्याला जुनेच माप मुकाट्याने चिकटते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही याच खड्ड्यात पडलो होतो. एका विद्यार्थिनीने नियमित पाणी दिलेल्या आणि पाणी तोडलेल्या झाडांच्या पानांवरून नेलपॉलिशचे ठसे घेतले होते. पहिल्या गटातील रक्षक पेशींची, म्हणजे रंध्राची फट दोन्ही बाजूंनी वेढणाऱ्या पेशींची, लांबी साधारण ३८ मायक्रॉन येत होती, दुसऱ्या गटातील १९. “मॅडम, पाणी तोडल्यावर रंध्रं एवढी लहान होतात?” असे तिने विचारले तेव्हा तिच्या आवाजात आनंद होता, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तोच आला, कारण पाण्याच्या ताणाखाली रंध्रे लहान आणि दाट होतात हे आपण शिकवतोच. निकाल अपेक्षेच्या दिशेने होता म्हणून दोन दिवस आम्ही दोघींनीही तो तपासला नाही. तिसऱ्या दिवशी चित्राच्या खिडकीच्या वरच्या कडेला फिजी जी बारीक ओळ दाखवते तिकडे लक्ष गेले. तेथे चित्राची रुंदी-उंची मायक्रॉनमध्ये आणि लगेच कंसात पिक्सेलमध्ये लिहिलेली असते. पहिल्या गटाच्या चित्रांवर कंसात ३०७२ गुणिले २०४८ होते, दुसऱ्या गटाच्या चित्रांवर १५३६ गुणिले १०२४. मधल्या सुट्टीत दुसऱ्या कुणीतरी कॅमेऱ्याचे रेझोल्यूशन निम्मे केले होते आणि ग्लोबल माप तसेच राहिले होते. लांबी निम्मी झाली होती, क्षेत्रफळ एक चतुर्थांश, आणि त्यामुळे प्रति चौरस मिलिमीटर रंध्रांची घनता चौपट. योग्य माप लावल्यावर दोन गटांतला फरक उरला, पण तो किती लहान होता हे पाहून आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा आहे, की ग्लोबलची खूण करायची नाही. प्रत्येक सत्राच्या आरंभी स्टेज मायक्रोमीटरचा ताजा फोटो घ्यायचा, आणि माप लावलेले प्रत्येक चित्र टिफ म्हणून जतन करायचे, कारण टिफमध्ये माप फाइलसोबतच राहते.

आता ज्या गुणासाठी मी हे सॉफ्टवेअर सुचवते त्याकडे येते. आमच्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्येही रेघा ओढता येतात, लांबी मोजता येते, बाण आणि अक्षरे टाकता येतात. पण जतन करताना त्या रेघा थेट चित्राच्या पिक्सेलमध्ये भाजल्या जातात. रेघेखाली काय होते ते नंतर पाहता येत नाही, रेघ दोन पिक्सेल सरकवता येत नाही, आणि आकड्यांची फाइल वेगळी पडल्यामुळे कोणता आकडा कोणत्या रेघेचा हे जुळवत बसावे लागते. फिजीत असे करता येतेच. ‘ड्रॉ’ ही आज्ञा, म्हणजे कंट्रोल-डी, नेमके हेच करते आणि मूळ फाइलवर ती कधीही वापरू नये. मात्र त्याच्या शेजारी दुसरा मार्ग आहे. कंट्रोल-बी दाबले की निवडलेला भाग ‘ओव्हरले’मध्ये जातो, म्हणजे चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रेखाटल्यासारखा. खालचा एकही पिक्सेल बदलत नाही. टिफमध्ये जतन केले की तो कागदही सोबत जातो, आणि पुढे कुणीही तो लपवून मूळ चित्र पाहू शकते. प्रबंधात छापण्यासाठी चित्र हवे असेल तेव्हाच ‘फ्लॅटन’ करून त्याची वेगळी प्रत काढायची. स्केल बारलाही हेच लागू होते. तो ओव्हरलेमध्येच टाकावा.

मोजमापासाठी याहून मोलाचे आहे ते ‘आरओआय मॅनेजर’, म्हणजे निवडलेल्या भागांची यादी सांभाळणारी खिडकी. रंध्रावर लंबवर्तुळ काढले आणि टी हे अक्षर दाबले, की ती आकृती यादीत जाऊन बसते. तिला आपोआप मिळणारे नाव चार-चार अंकांच्या दोन गटांचे असते आणि ते त्या आकृतीच्या मध्यबिंदूचे स्थान सांगते, आधी वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे. नवख्याला हे नाव निरर्थक वाटते, परंतु निकालातील संशयास्पद आकडा चित्रावर शोधायची वेळ आली की त्याचे महत्त्व कळते. सर्व रंध्रे यादीत आली, की एकदाच ‘मेझर’ दाबून सगळे आकडे एका तक्त्यात मिळतात आणि पूर्ण यादी एका लहानशा झिप फाइलमध्ये ठेवता येते. चित्र आणि ही झिप फाइल एकत्र उघडली की मोजणाऱ्याने नेमके काय मोजले ते जसेच्या तसे समोर येते. आकृती काढल्यावर ताबडतोब टी दाबायची सवय लावून घ्यावी, कारण बाहेर कुठेही चुकून क्लिक झाला तर निवड पुसली जाते. तसेच यादीतील आकृती सरकवून दुरुस्त केली तर ‘अपडेट’ दाबल्याशिवाय ती दुरुस्ती यादीत पोहोचत नाही, हेही प्रत्येकाला एकदा तरी अडते.

मोजलेले डोळ्यांपुढे राहिल्याने व्याख्येचे प्रश्नही उघडे पडतात. ज्वारीचे रंध्र गवतवर्गीय असते. त्याच्या दोन रक्षक पेशी डंबेलसारख्या, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना फुगीर असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक साहाय्यक पेशी असते. ‘रंध्राची लांबी’ म्हणजे मधल्या फटीची लांबी, की रक्षक पेशीची टोकापासून टोकापर्यंतची? आमच्याकडे दोन विद्यार्थ्यांचे आकडे सतत वेगळे येत होते. दोघांच्या यादी एकाच चित्रावर दोन रंगांत उघडल्या तेव्हा एकाची रेघ फुगीर टोकांच्या आत थांबत होती आणि दुसऱ्याची बाहेर, हे क्षणात दिसले. जुन्या रीतीत हा वाद हाताच्या सफाईवर गेला असता. येथे आम्ही बसून ठरवले, की लांबी म्हणजे रक्षक पेशीची बाहेरची टोके, आणि नमुन्यादाखल एक चित्र रेघांसह विभागाच्या फोल्डरमध्ये ठेवून दिले. तिरप्या रंध्रांसाठी ‘एलिप्टिकल’ हे साधन उत्तम आहे, कारण त्यात लांबीच्या दिशेने ओढत नेऊन मग रुंदी जुळवता येते. साध्या ‘ओव्हल’ने तिरपे रंध्र नीट पकडता येत नाही. ‘सेट मेझरमेंट्स’मध्ये ‘फिट एलिप्स’ निवडलेले असेल तर तक्त्यात मोठा व लहान अक्ष आपोआप येतात, आणि त्याच चौकटीत ‘डिस्प्ले लेबल’ निवडलेले असेल तर प्रत्येक ओळीवर चित्राचे नाव येते. ही दुसरी खूण विसरली तर ४० चित्रांचे आकडे एका तक्त्यात येतात आणि कोणती ओळ कोणत्या पानाची हे कळत नाही.

तक्त्यातल्या आकड्यांविषयी एक सावधगिरी. फिजी सवयीने दशांश चिन्हानंतर तीन अंक दाखवते आणि विद्यार्थी ते तसेच प्रबंधात उतरवतात: ३८.२७४ मायक्रॉन. आमच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे ०.१२ मायक्रॉन, त्यामुळे तिसऱ्या अंकाला काही अर्थ नाही. त्याच्याही पुढचे बंधन भिंगाचे आहे. ०.६५ एवढ्या न्युमरिकल ॲपर्चरचे (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचे माप) ४० पट ऑब्जेक्टिव्ह हिरव्या प्रकाशात साधारण अर्ध्या मायक्रॉनहून जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवूच शकत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे लिहायचे तर एका रंध्रासाठी ३८ किंवा फार तर ३८.३ लिहावे. सॉफ्टवेअरने दाखवले म्हणून ते मोजले गेले असे होत नाही, हे दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

मोजणीसाठी, म्हणजे लांबी नव्हे तर संख्या मोजण्यासाठी, ‘मल्टी-पॉइंट’ साधन आहे आणि ते मला निर्दोष वाटते. ई. जे. सॅलिसबरी यांनी १९२७ मध्ये मांडलेला रंध्र निर्देशांक काढताना क्षेत्रातील रंध्रांची संख्या आणि साध्या बाह्यत्वचा पेशींची संख्या अशी दोन्ही हवी असते. रंध्रांना या दोहोंच्या बेरजेने भागून शंभराने गुणायचे. पूर्वी एकाच पेशीची दोनदा गणना होत असे किंवा एखादी सुटत असे. येथे रंध्रांसाठी एक गणक आणि पेशींसाठी दुसरा गणक निवडता येतो, प्रत्येक क्लिकवर रंगीत बिंदू उमटतो, आणि चुकलेला बिंदू ऑल्ट दाबून क्लिक केल्यास निघून जातो. चित्राच्या कडेवर अर्ध्या कापल्या गेलेल्या पेशींचे काय करायचे हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. वरच्या व डाव्या कडेवरच्या धरायच्या आणि खालच्या व उजव्या कडेवरच्या सोडायच्या, ही जुनी पद्धत येथेही पाळावी.

स्वयंचलित मोजमापाबाबत माझे मत इतके एकसुरी नाही. ठशांमधील रंध्रांचे रेखाटन फिक्या करड्या छटांत असते, तेथे स्वयंचलित पद्धत चालत नाही आणि तिच्या मागे लागण्यात वेळ जातो. परागकणांवर मात्र ती सुंदर चालते. ज्वारीचा परागकण गोल आणि एकाच छिद्राचा असतो; रंगद्रव्याने रंगवल्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद दिसतो. ‘थ्रेशोल्ड’मध्ये कोणती छटा कणाची आणि कोणती पार्श्वभूमीची हे ठरवायचे, एकमेकांना चिकटलेले कण ‘वॉटरशेड’ने सोडवायचे आणि ‘ॲनलाइझ पार्टिकल्स’ चालवायचे, की शंभर-दोनशे कणांची यादी काही सेकंदांत समोर येते. छटेची सीमा ठरवण्याच्या डझनाहून अधिक पद्धती यादीत आहेत, त्यांत नोबुयुकी ओत्सू यांची १९७९ मधील पद्धतही आहे. कोणती निवडावी हे ठरवण्यासाठी सर्व पद्धती एकाच वेळी लावून त्यांचे निकाल शेजारी शेजारी पाहण्याची सोय आहे, ती जरूर वापरावी आणि एकदा निवडलेली पद्धत साऱ्या चित्रांना सारखीच लावावी. चित्रागणिक डोळ्यांना बरे दिसेल तसे सीमेचे बटण सरकवणे म्हणजे मोजमाप सोडून देणे होय.

येथे आकाराच्या गाळणीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ‘ॲनलाइझ पार्टिकल्स’मध्ये किमान क्षेत्रफळ आणि गोलपणा यांची मर्यादा घालता येते, म्हणजे धूळ आणि कचरा गाळला जातो. ४० मायक्रॉन व्यासाच्या कणाचे क्षेत्रफळ १,२५७ चौरस मायक्रॉनच्या आसपास येते, तेव्हा ५०० च्या खालचे सारे वगळावे असे कुणालाही सुचेल. पण प्रश्न परागकणांच्या सुपीकतेचा असेल, तर वांझ कण हेच मुळी लहान, सुरकुतलेले आणि वेडेवाकडे असतात. गाळणी कडक ठेवली की तेच बाहेर जातात आणि सुपीकतेची टक्केवारी फुगते. चित्राच्या कडेला टेकलेले कण वगळण्याची खूणही अशीच आहे. मोठा कण कडेला टेकण्याची शक्यता लहान कणापेक्षा जास्त असते, म्हणून सरासरी थोडी खाली सरकते. या गोष्टी सॉफ्टवेअरच्या दोषांत मोडत नाहीत, पण त्याच्या वेगामुळे त्या झाकल्या जातात. म्हणून प्रत्येक वेळी आकृती यादीत टाकण्याची खूण करून, काय धरले गेले आणि काय सुटले ते चित्रावर डोळ्यांनी पाहावे.

पानाच्या क्षेत्रफळासाठी आमच्याकडे आलेख कागदावर पान ठेवून बाह्यरेषा काढायची आणि चौकोन मोजायचे, ही रीत होती. ज्वारी-मक्यासारख्या लांब पानांसाठी लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.७५ हा ठोकताळा अजूनही शेतावर सर्वांत सोयीचा आहे, कारण ते पान स्कॅनरवर मावत नाही. जास्वंदीसारखी पाने मात्र आम्ही साध्या सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने, स्कॅन करतो. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, त्यामुळे एका सेंटिमीटरला ११८.११ पिक्सेल हे माप गणितानेच मिळते, तरी त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. आम्ही पानाशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवतो. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, म्हणून चित्रात तो ३१९ पिक्सेलच्या आसपास भरला पाहिजे आणि क्षेत्रफळ साधारण ५७३ चौरस मिलिमीटर आले पाहिजे. नाण्याचा आकडा बरोबर आला की पानाचा आकडा लिहायचा. एका गोष्टीने मात्र आम्हाला सुरुवातीला चकवले. तेच पान ६०० डीपीआयला स्कॅन केले तर क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच राहते, पण परिमिती वाढते, कारण कडेचे बारीक दाते आता रेषेत पकडले जातात. फिजीतील गोलपणाचे सूत्र क्षेत्रफळाला परिमितीच्या वर्गाने भागून ४ पायने गुणते, म्हणून परिमितीबरोबर तोही बदलतो. वेगवेगळ्या रेझोल्यूशनच्या चित्रांतील परिमिती आणि गोलपणा यांची तुलना करू नये, हे सूचना-पुस्तिकेत ठळक अक्षरांत असायला हवे होते.

चित्राचा उजळपणा बदलण्याच्या चौकटीबद्दलही असेच म्हणता येईल. करड्या छटांच्या चित्रात तेथील पट्ट्या सरकवल्याने फक्त पडद्यावरचे दिसणे बदलते, मोजलेले मूल्य बदलत नाही. पण ‘अप्लाय’ दाबले की पिक्सेलची मूल्येच बदलतात आणि त्यानंतर करड्या छटांचे कोणतेही मोजमाप मूळ नमुन्याचे राहत नाही. ही दोन बटणे एकाच चौकटीत इतक्या जवळ असणे मला पसंत नाही.

तक्रारी आणखीही आहेत. पूर्वस्थितीला जाण्याची सोय फक्त एका पायरीची आहे. दुसरी चूक लक्षात येईपर्यंत पहिली पक्की झालेली असते. प्रत्येक तक्ता, प्रत्येक चौकट स्वतंत्र खिडकीत उघडते आणि लहान पडद्यावर आरओआय मॅनेजर कुठे लपला ते शोधावे लागते. मागच्या वापरकर्त्याने निवडलेली मोजमापे पुढच्या सत्रातही तशीच राहतात, त्यामुळे सामायिक संगणकावर मोजमाप फक्त थ्रेशोल्डमध्ये निवडलेल्या छटांपुरते ठेवणाऱ्या ‘लिमिट टू थ्रेशोल्ड’ची जुनी खूण राहून गेली तर आकडे बिनबोभाट बदलतात. सर्व मेन्यू इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ‘रिडायरेक्ट टू’ किंवा ‘स्क्यूनेस’ म्हणजे काय हे कुणीतरी शेजारी बसून समजावले नाही, तर ती सगळ्याच खुणा करून मोकळी होतात आणि तीस स्तंभांचा तक्ता घेऊन येतात. यावर उपाय म्हणून आम्ही लागणाऱ्या सात-आठ आज्ञांचा मराठी तक्ता करून संगणकाशेजारी चिकटवला आहे.

या उणिवांपैकी बऱ्याच भरून काढणारी एक सोय मेन्यूत आत दडलेली आहे. मॅक्रो ‘रेकॉर्ड’ करायला लावले की आपण केलेली प्रत्येक कृती एकेका ओळीत लिहिली जाते: माप कोणते लावले, थ्रेशोल्डची कोणती पद्धत घेतली, किमान क्षेत्रफळ किती ठेवले. संगणकाची भाषा न येणारा विद्यार्थीही ती नोंद वाचू शकतो आणि तीच नोंद पुढच्या साठ चित्रांवर चालवता येते. प्रबंधातील ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणाला ती ओळन् ओळ जोडावी, असा माझा आग्रह असतो.

रोगनिदानाच्या संपूर्ण स्लाइड स्कॅन करणाऱ्या यंत्रांतून येणारी अवाढव्य चित्रे फिजीला पेलत नाहीत. एका पातळीत सुमारे दोन अब्ज चौदा कोटी पिक्सेलच्या पुढे ते जाऊ शकत नाही आणि त्याआधीच संगणकाची मेमरी संपते. तशा कामासाठी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात सुरू झालेले ‘क्यूपाथ’ अधिक योग्य आहे आणि तेही विनामूल्य आहे. स्लाइड, साधा कॅमेरा आणि एक जुना संगणक एवढ्यावर काम करणाऱ्या विभागांना मात्र मी आधी फिजीच घ्यायला सांगेन.

या वर्षी नव्या विद्यार्थिनीने गेल्या वर्षीच्या प्रकल्पाची चित्रे आणि त्यांच्या झिप फायली उघडल्या. दोनशे चाळीस रंध्रांपैकी अकरा रंध्रांवर लंबवर्तुळाची टोके रक्षक पेशींच्या बाहेरच्या टोकांऐवजी फटीच्या टोकांना टेकलेली तिला दिसली. ते काम करून गेलेली विद्यार्थिनी आता दुसऱ्या गावी नोकरीला आहे आणि तिला विचारण्याची गरजही पडली नाही. अकरा आकृती सरकवल्या, प्रत्येकीनंतर अपडेट दाबले, पुन्हा मेझर केले, आणि जुना तक्ता न पुसता नवा तक्ता तारखेसह त्याच्या शेजारी ठेवला.